मंत्रिमहोदय, आमच्या डोक्यावरचं हे पाणी कोणाचं?

मा. मंत्रिमहोदय,
मृद व जलसंधारण विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मावळ तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला आमची २१ घरांची वाडी आहे. वाडीच्या वर ओढा अडवून एका रिसॉर्टने मातीचं धरण बांधलं आहे. त्या पाण्यावर ना कोणाची शेती भिजते, ना कोणाच्या घरी नळ येतो. शनिवार-रविवारी पाहुण्यांना नौकेत फिरवायचं, गळ टाकून मासे धरू द्यायचे, एवढ्यासाठीच ते आहे.

गेल्या मंगळवारी रात्री त्या धरणाचा आमच्या बाजूचा उतार घसरला. माथा जिथे खचला तिथून पाणी उसळून वाडीत आलं. म्हैस दाव्याला होती. ती सोडायला मागे गेलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत आलं होतं. म्हैस वाचली, पारडू गेलं. ७८ वर्षांच्या आईला पाठीवर घेऊन शाळेच्या ओट्यावर नेलं. सव्वा एकराच्या आवणीसाठी टाकलेली इंद्रायणी भाताची रोपं चिखलाखाली गेली. आता दुसऱ्यांदा रोप टाकून आवणी कधी करायची? पहाटे पाऊस थांबला म्हणून भराव उभा राहिला. आई अजून घरात झोपायला तयार नाही.

हे अचानक घडलं असं कोणी आपल्याला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मागच्या दिवाळीनंतर एक अधिकारी येऊन गेले होते. सांडव्यावर, म्हणजे धरणातलं जादा पाणी निघून जायच्या वाटेवर, रचलेल्या वाळूच्या गोण्या त्यांना आम्ही दाखवल्या. नौका नीट फिरावी म्हणून पाणी दीड-दोन फूट जास्त अडवलेलं असतं. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळी लावली आहे. पहिल्या पुराबरोबर पालापाचोळा येतो, जाळी तुंबते आणि पाण्याला वाटच राहत नाही. भरावावर सुबाभूळ वाढली आहे. पायथ्याशी पाझर आहे, तो पूर्वी स्वच्छ होता, गेल्या श्रावणापासून गढूळ येतो. गढूळ पाझर म्हणजे आतली माती निघून चालली, हे आमच्यातल्या न शिकलेल्या माणसालाही कळतं. अधिकाऱ्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि मे अखेरपर्यंत सांडवा मोकळा करून देतो, असं चारचौघांत सांगितलं. मे गेला, जून गेला. गोण्या तिथेच आहेत.

दाद मागायला गेलो की ग्रामपंचायत तहसीलकडे बोट दाखवते, तहसील लघुपाटबंधाऱ्यांकडे, आणि ते म्हणतात, खासगी आहे, आमच्या यादीत नाही. मग कोणाच्या यादीत आहे? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा माझ्या मुलीने मला वाचून दाखवला. ती स्थापत्य अभियांत्रिकी शिकते. धरण १५ मीटरपेक्षा उंच असेल तर कायदा लागू. १० ते १५ मीटरच्या मधलं असेल, तर निदान ५०० मीटर लांबी, १० लाख घनमीटर साठा अशांपैकी एखादी अट बसायला हवी. आमच्यावरचं धरण दोरी टाकून आम्ही मोजलं, ९ मीटर भरलं, म्हणजे कायद्याबाहेर. तलाव ८ एकरांचा धरला तर दहा कोटी लिटरच्या, म्हणजे एक लाख घनमीटरच्या आसपास पाणी होतं. हिशेब चुकला असेल तर माणूस पाठवून मोजून घ्या, आम्ही दोरीचं दुसरं टोक धरतो. पण ९ मीटरवरून सुटलेलं पाणी कायदा बघून थांबणार नाही, एवढं नक्की.

त्याच मुलीने अमेरिकेतल्या जॉन्सटाउनची हकीकत सांगितली, तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे. तिथेही पैसेवाल्यांच्या क्लबचा हौसेचा तलाव होता. तळातून पाणी सोडायचे पाइप आधीच काढून विकले होते, क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत. गाड्या जाव्यात म्हणून माथा खाली केला होता, आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या! ३१ मे १८८९ ला धरण फुटलं आणि खाली २,२०९ माणसं मेली. कोर्टाने क्लबला जबाबदार धरलं नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि तीच जाळी मी रोज म्हशी चारताना बघतो.

एवढं लांब कशाला, कोकणातल्या आपल्या तिवऱ्याचं काय झालं? २ जुलै २०१९ च्या रात्री सरकारचं स्वतःचं धरण फुटलं. गळतीबद्दल गावकरी आधीपासून ओरडत होते. तिथली वाडी वाहून गेली, आणि आपल्याच खात्याच्या तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. साहेब, आमच्या भरावातही खेकड्यांची बिळं आहेत. ती बुजवायची जबाबदारी खेकड्यांची नाही.

मला राग येतो तो या दोन मापांचा. माझ्या चुलतभावाने अनुदानाचं शेततळं मागितलं, ३० बाय ३० मीटरचं. सातबारा, आठ-अ, पाहणी, फोटो, चकरा, यात त्याचं एक वर्ष गेलं. ज्याने अख्खा ओढा अडवला त्याला कागद विचारायला कोणी फिरकत नाही. गरिबाने गोठ्याला पत्रा टाकला की नोटीस येते, आणि पैसेवाल्याचं फाटक बघितलं की सरकारी जीप बाहेरूनच वळते. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत हीच रीत झाली आहे, आणि आम्ही मेलो की पंचनाम्याला मात्र सगळे वेळेवर येतील.

नुकसानभरपाईसाठी मी हे लिहीत नाही. पारडाचे पैसे देऊ नका. या आठवड्यात गोण्या आणि जाळी काढायला लावा, तलावाचं पाणी निम्म्यावर आणा, आणि भराव तपासायला खरा अभियंता पाठवा. दहा मीटरच्या खालची, पण जिच्याखाली घरं आहेत अशी प्रत्येक खासगी धरणाची भिंत आपल्या खात्याच्या यादीत घ्या.

तोवर आम्ही पाळीने भरावाखाली रात्रभर बॅटरी घेऊन बसतो. रात्री दोनला पाझर वाढला तर फोन कोणाला करायचा, त्या माणसाचं नाव आणि नंबर उलट टपाली कळवा.

आपला,
वाडीतला एक शेतकरी