शोधप्रकल्प सक्तीचा झाला, लिहायला कोण शिकवणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नव्याने आखणी झाली. पहिल्या सत्रात ४ श्रेयांकांची (क्रेडिट्सची) ‘संशोधन पद्धती’, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा शोधप्रकल्प, अशी ही रचना आहे. पूर्वी एम.फिल.ला ज्या लेखनाची पहिली ओळख होत असे, ते आता एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने करावयाचे आहे. नाशिक जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणी अर्थशास्त्र शिकवणारी प्राध्यापिका म्हणून मी या बदलाचे स्वागत केले होते आणि आजही करते. परंतु प्रकल्प लिहायचा कसा, हे शिकवण्यासाठी आमच्या वेळापत्रकात एकही तास नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरात ‘अहवाल लेखन’ हे शेवटचे प्रकरण असते. ‘चांगल्या संशोधन अहवालाची वैशिष्ट्ये सांगा’ असा प्रश्न येतो, विद्यार्थी आठ वैशिष्ट्ये पाठ करून लिहितो आणि चांगले गुण मिळवतो. अहवालाचे एक पानही त्याने तोवर लिहिलेले नसते.

एक अनुभव सविस्तर सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीने कांदा चाळीतील साठवणूक हा विषय घेतला होता. तिच्या घरीच चाळ आहे. तरीही पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या वाक्याने झाली आणि पुढची बारा पाने कुठल्याही पिकाबद्दल लिहिता येतील अशी होती. मी ती पाने बाजूला ठेवली आणि उन्हाळी कांदा चाळीत भरल्यापासून विकेपर्यंत काय काय होते, ते तिला तोंडी सांगायला लावले. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की सड कशी वाढते, वास आला की घरातील सगळे बसून कांदा कसा निवडतात, हे ती अर्धा तास न अडखळता सांगत होती. बोलण्याच्या ओघात ती म्हणाली, “मॅडम, कांदा चांगला असला तरी आम्ही थांबू शकत नाही, जूनमध्ये खताला पैसे लागतात.” तिच्या संशोधनाचा प्रश्न तोच होता आणि लिहिताना नेमका तोच तिने वगळला होता, कारण घरात बोलले जाते ते प्रबंधात लिहायचे नसते, अशी तिची समजूत होती.

त्यानंतर चार मसुदे झाले. ‘साठवणुकीमुळे शेतकऱ्यांना मोठ्या प्रमाणावर नुकसान सहन करावे लागते’ या तिच्या वाक्याशेजारी मी समासात विचारले: कोणत्या शेतकऱ्यांना? नुकसान वजनातले की भावातले? हे तुला कोणी सांगितले? शेवटच्या मसुद्यात त्या जागी असे वाक्य आले: ‘सड सुरू होण्याआधीच कांदा विकणाऱ्या शेतकऱ्यांनी पैशांची निकड हे कारण सांगितले, मात्र या मुलाखती एकाच गावातील असल्याने हा निष्कर्ष संपूर्ण तालुक्याला लागू करता येणार नाही.’ या वाक्याचा उत्तरार्ध तिने स्वतःहून लिहिला होता. आपल्या म्हणण्याची मर्यादा आपणच सांगावी, हे तिला व्याख्या पाठ करून उमगले नसते.

याउलट महाविद्यालयांत सगळी चिंता असते ती साम्याच्या टक्केवारीची, म्हणजे प्रकल्पातील किती मजकूर इतरांच्या लेखनाशी जुळतो हे दाखवणाऱ्या संगणकावरील आकड्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के साम्य असल्यास सुधारित लेखन सादर करावे लागते आणि ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते. नियम आवश्यकच आहेत. पण अवतरणचिन्ह कधी द्यावे आणि दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरी संदर्भ का द्यावा लागतो, हे न शिकवता केवळ आकडा दाखवला, तर विद्यार्थी आकडाच कमी करत बसतो. एका प्रकल्पात टक्केवारी खाली आणण्यासाठी ‘उत्पादन’ या शब्दाच्या जागी सर्वत्र ‘उत्पन्न’ घातलेले मी पाहिले. ‘हेक्टरी उत्पादन वाढले’ याचे ‘हेक्टरी उत्पन्न वाढले’ झाले. पीक अमाप आले आणि भाव कोसळला, तर उत्पादन वाढूनही उत्पन्न घटते, हे कांदा पिकवणाऱ्याच्या मुलाला सांगावे लागू नये. साम्य घटले, संगणकाने प्रकल्प स्वीकारला आणि वाक्य मात्र चुकीचे झाले. आता तर संपूर्ण प्रकरण कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेता येते, त्यामुळे अंतिम प्रतीवरून विद्यार्थ्याची पारख करणे आणखी अवघड झाले आहे.

मराठीतून लिहिणाऱ्यांची अडचण दुहेरी आहे. संदर्भ बहुतांशी इंग्रजीत असतात आणि वाक्यागणिक भाषांतर करत गेल्याने मराठी वाक्याचा कणा मोडतो. भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश तयार केलेले आहेत, मराठी विश्वकोश संगणकावर विनामूल्य वाचता येतो. परंतु दुसऱ्या वर्षापर्यंत ही नावेही न ऐकलेले विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. वाईहून निघणारे ‘नवभारत’ मासिक किंवा मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ यांतील एखादा लेख वर्गात परिच्छेदागणिक वाचला, तर लेखकाने मुद्दा कुठे मांडला, पुरावा कुठे दिला आणि आक्षेपाला उत्तर कुठे दिले, हे डोळ्यांसमोर दिसते. मी हे करते, पण त्यासाठी अर्थमितीचे (आर्थिक आकडेवारीच्या सांख्यिकी विश्लेषणाचे) तास वापरावे लागतात.

आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत संशोधकांना लेखनाचेही प्रशिक्षण देण्याची अपेक्षा व्यक्त झाली आहे. ते योग्यच आहे, मात्र पीएच.डी.पर्यंत पोहोचणारे थोडे आणि तोवर चुकीच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. म्हणून अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, तिसऱ्या सत्रात लेखनासाठी आठवड्याला किमान दोन तास राखून ठेवावेत, मसुदे वाचण्याचा वेळ शिक्षकाच्या कार्यभारात धरावा आणि प्रकल्पाच्या गुणांपैकी काही गुण शिक्षकाच्या शेऱ्यांसह जपून ठेवलेल्या आधीच्या मसुद्यांना द्यावेत. आज बांधणी केलेली अंतिम प्रत तेवढी बहिःस्थ परीक्षकांसमोर जाते. तिच्यासोबत पहिला मसुदाही टेबलावर असावा आणि ‘हे वाक्य तुम्ही का बदलले?’ हा प्रश्न मौखिक परीक्षेत विचारला जावा.

आपली नम्र,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका, जि. नाशिक