ताई, ती वंशावळ तुमच्यामुळे पुरी झाली

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघडं लिहितेय, कारण घरी पाठवलं असतं तर "यात काय एवढं" म्हणत तुम्ही ते घडी करून पिशवीत टाकलं असतं. तुमचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. गाव कळलं की घर कळतं, आणि घर कळता कामा नये ही अट तुमचीच होती. बीड जिल्ह्यातलं गाव, आणि तिथल्या आशाताई (हे नाव नव्हे, घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या 'आशा' सेविका), एवढं पुरे.

सोरायसिस आणि त्याच्यासारख्या दाहाच्या त्वचारोगांमागची जनुकं शोधायच्या प्रकल्पावर मी विद्यापीठात रुजू झाले. पदाचं नाव प्रोजेक्ट असोसिएट. जाहिरातीत कामं दिली होती: नमुने गोळा करणे, डीएनए वेगळा करणे, पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणे), नोंदी ठेवणे. बाकीचं सगळं प्रयोगशाळेत शिकता येतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त, त्यातल्या पांढऱ्या पेशी फोडायच्या, प्रथिनं मिठानं खाली बसवायची, वर थंडगार अल्कोहोल ओतलं की पांढरा धागा तरंगायला लागतो. तो डीएनए. पण जे घर "आमच्यात असलं काही नाही" असं म्हणून दार लावून घेतं, त्या घरातल्या चार पिढ्यांचं रक्त कसं मिळवायचं, हे कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसतं.

घरं दार का लावतात हे तुम्हाला सांगायला नको. अंगावर चट्टे आणि खपल्या दिसल्या की कोणी महारोग म्हणतं, कोणी गजकर्ण, कोणी मागल्या जन्मीचं पाप. सोरायसिस शिवल्यानं होत नाही. कातडीच्या ज्या पेशी तळापासून वर यायला साधारण महिना घेतात, त्या चार-पाच दिवसांतच वर येतात आणि थर साचतो. शरीराचं स्वतःचंच संरक्षण बिथरलेलं असतं. हे डॉक्टरांनी कितीही सांगितलं तरी सोयरीक जुळवताना कोण ऐकतंय? म्हणून लपवायचं, आणि सगळ्यात जास्त लेकींचं लपवायचं.

मी पहिल्यांदा आले तेव्हा त्या घराच्या वंशावळीत पुरुषांचे चौकोन भराभर भरत गेले आणि बायकांचे गोल कोरेच राहिले. लेकी सासरी, नावं बदललेली, कुठं दिल्या तेही कोणी धड सांगेना. तुम्ही ओट्यावर बसून सगळं ऐकत होतात. उठताना एवढंच म्हणालात, "मॅडम, पंचमीला या. लेकी माहेरी येत्यात. आन् दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्याला जातंय, मग कोण गावायचं नाही." संशोधनाचं वेळापत्रक इतक्या नेमकेपणानं मला तोवर कुणी आखून दिलं नव्हतं.

पंचमीला आले तर परसात झोका बांधलेला, चुलीवर पुरण शिजत होतं आणि पाच लेकी एका जागी. तुमच्याकडं गावातल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद असलेलं रजिस्टर होतं. ते तुम्ही पिशवीतून काढलंच नाही. मी विचारलं तर म्हणालात, "ते सरकारी कामाचं हाय. यांना सांगायचं तर यांनीच सांगावं." आणि त्यांनीच सांगितलं. थोरलीच्या कोपरांवर, मधलीच्या डोक्यात (ती आजवर कोंडाच समजत होती), धाकटीला काहीच नाही. कोण कुणाच्या मामाच्या घरी दिली हे सांगताना तुम्ही मध्येच थांबवायचात: "न्हाई, ती आत्याच्या पोराला दिलीय." नात्यात लग्न झालं की वंशावळीत नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ मारतात. तुमच्या त्या दुरुस्त्यांमुळे माझ्या कागदावर दोन ठिकाणी दुहेरी रेघा आल्या.

त्या रेघांचं एवढं का, तर २०११ मध्ये ट्युनिशियातल्या अशाच, नात्यात लग्नं झालेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून आयएल३६आरएन हे जनुक सापडलं. त्याच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडलांकडची, बिघडलेल्या असल्या की (आणि नात्यातल्या लग्नात तसं होण्याची शक्यता वाढते) अंगभर पुवाच्या पुळ्या येणारा, जिवावर बेतणारा सोरायसिस होऊ शकतो. या बिघाडामुळे शरीरात दाहाची जी साखळी मोकाट सुटते, तिलाच अडवणारं औषध, स्पेसोलिमॅब, २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला ते परवडेल का, हा प्रश्न विचारूच नका. पण तिथवरची वाट कुटुंबांच्या रक्तातूनच गेली. तुमच्या गावातल्या घरात आजार साधा, चट्ट्यांचा आहे आणि पिढी न चुकवता उतरलाय, म्हणून आम्ही आधी कार्ड१४ हे जनुक पाहणार, आणि सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-सी या जनुकाचा ०६:०२ हा प्रकार कुणाकुणाकडं आहे तेही तपासणार. तो सोरायसिसशी सगळ्यात घट्ट जोडलेला, पण तो असूनही अनेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. या विषयावरचे मोठमोठे जनुकीय अभ्यास बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत. मराठवाड्यातल्या माणसांचं त्यात जवळपास काहीच नाही.

संमतीपत्र तुम्ही वाचून दाखवलंत ते मी विसरणार नाही. आमच्या छापील कागदात जी ओळ दुसऱ्या पानावर होती ती तुम्ही सगळ्यात आधी घेतलीत: "बगा, रक्त दिल्यानं तुमचा रोग बरा होणार न्हाई. औषध मिळणार न्हाई. पैसं मिळणार न्हाईत. पुढच्यांच्या कामाला आलं तर येईल. नको वाटलं तर नको म्हणा, मला राग न्हाई." एवढं ऐकल्यावर आता सगळे उठून जाणार असं मला वाटलं. उलट आजींनी हात पुढं केला. त्यांच्या अंगठ्याशेजारी साक्षीदार म्हणून सही करायला तुम्ही नकार दिलात आणि शाळेतल्या बाईंना बोलावलंत, कारण "मीच आणलं, मीच साक्षीदार, असं कसं चालंल?" आचारसंहितेवरच्या आमच्या कार्यशाळेत हे समजवायला अख्खी दुपार जाते.

आणि तुम्हीच विचारलंत, नळीवर नाव कशाला. नळीवर नुसता क्रमांकच असतो. नाव आणि क्रमांकाची जोडी वेगळ्या, कुलपातल्या वहीत. ते दाखवल्यावरच तुम्ही पुढच्या माणसाला हाक मारलीत. मग बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसलात, पल्स पोलिओच्या दिवसासारख्या.

त्याच घरातल्या काकूंची गोष्ट मात्र वेगळीच. मी त्यांच्या पोटऱ्यांवरचे चट्टे टिपत होते. पाचटानं जिथं ओरखडा उठतो तिथंच त्यांना नवा चट्टा येतो, हेही त्यांनी सांगितलं. कातडीला इजा झाली की तिथंच रोग उमटतो हे हाइनरिख कोब्नर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलंय, त्यांच्याच नावानं ते ओळखलं जातं. मी ते लिहीत असताना तुम्ही हळूच म्हणालात, "मॅडम, तिची बोटं बगा. सकाळी कोयता धरता येत न्हाई तिला." बोटं बघितली. दोन बोटं मुळापासून टोकापर्यंत सुजलेली, नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे. सोरायसिसच्या काही रुग्णांना सांध्यांचाही आजार होतो, आणि वेळेत उपचार झाला नाही तर सांधे कायमचे वाकतात. त्या आता उपचाराखाली आहेत. आमच्या अभ्यासातून त्या घराला हातात काही मिळालं असेल तर ते हेच, आणि ते जनुकांमुळे मिळालेलं नाही.

शोधनिबंध निघेल तेव्हा शेवटी आभाराचा एक परिच्छेद असतो. तिथं तुमचं नाव घालू का असं मी फोनवर विचारलं, तर म्हणालात, "नावाचं ऱ्हाऊ द्या, मानधन वेळेवर मिळंल असं काही छापता येतं का बगा." माझंही मानधन तीन-तीन महिने रखडतं हे ऐकून तुम्ही जे हसलात! तर निबंधात तुमचा उल्लेख तुम्ही म्हणाल तसाच जाईल. आभार मात्र इथं पूर्ण मानून घेते.

एक काम आहे, तेही तुम्हालाच सांगते. काकूंना मेथोट्रेक्झेट सुरू झालंय. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतेल. दुसरी, फॉलिक अॅसिडची, डॉक्टरांनी सांगितलेल्या वारीच. दसऱ्यानंतर टोळी हलेल तेव्हा पाकिटावर वार लिहून द्या, आणि टोळीतल्या वाचता येणाऱ्या एखाद्या पोरीला समजावून ठेवा. रक्ततपासणी चुकवून चालणार नाही. मुकादमाकडून कारखान्याचं नाव कळलं की मला फोन करा. तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आधीच घेऊन ठेवते.

तुमची,
रक्तवाल्या मॅडम
(गावात मला हेच नाव पडलंय, आणि ते तुम्हीच पाडलंय असा मला दाट संशय आहे.)