भाता सांभाळणाऱ्या हातांचे आभार

आमच्या लहानशा चर्चचा जुना पाइप ऑर्गन रविवारी पुन्हा वाजला. त्यासाठी राबलेल्या आणि 'नाव नको' म्हणणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. नळ्यांना हवा पुरवणाऱ्या भात्याचं चामडं घड्यांवर फाटलं होतं. हवा गळायची, लांबवलेला स्वर मध्येच खाली बसायचा. तुम्ही चामडं चिकटवणारा जुना सरस ओल्या उष्णतेने सोडवून मेंढीचं नवं कातडं चढवलंत. कथील-शिशाच्या नळ्या मऊ, जरा दाबल्या तरी त्यांना पोचे पडतात. म्हणून एकेक नळी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर घेऊन उतरवलीत. ८ फुटी नळीचा खर्ज बाकाच्या लाकडातून अंगात भिनला, तेव्हा क्वायरमधल्या (गायकवृंदातल्या) आजींनी डोळे पुसले. आणि वीज गेल्यावर हाताने भाता हलवत राहिलेल्या दोघा मुलांनो, शेवटचं गीत तुमच्यामुळेच पूर्ण झालं.