गॅमा किरणांच्या स्फोटाचे ‘छायाचित्र’ नसते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात गॅमा किरणांच्या स्फोटाविषयी, म्हणजे अवकाशातून अचानक येणाऱ्या अतिशय जास्त ऊर्जेच्या किरणांच्या क्षणिक लोटाविषयी, आलेली बातमी आवडली. मात्र सोबतच्या निळ्या-जांभळ्या चित्राखाली ‘उपग्रहाने टिपलेले स्फोटाचे छायाचित्र’ अशी ओळ होती. ते चित्र कलाकाराने रंगवलेले होते. चूक किरकोळ वाटेल, पण तिच्यामुळे या शोधातला खरा चित्तवेधक भाग वाचकांपर्यंत पोहोचलाच नाही, म्हणून हे पत्र.

गॅमा किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात, त्यामुळे ते टिपायला उपकरण अवकाशातच न्यावे लागते, आणि नेहमीच्या दुर्बिणीप्रमाणे आरशाने ते एका बिंदूत गोळा करता येत नाहीत. म्हणून ठरावीक नक्षीची छिद्रे असलेली धातूची पत्री उपकरणावर बसवतात आणि खाली पडलेल्या सावलीवरून किरणांची दिशा काढतात. जुन्या वाड्याच्या जाळीतून फरशीवर पडलेली उन्हाची नक्षी पाहून सूर्य कुठे आला ते ओळखावे, तसाच हा प्रकार. आपल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या खगोल-उपग्रहावरील सीझेडटी इमेजर या उपकरणावरही अशी पत्री आहे, पण जास्त ऊर्जेचे गॅमा किरण उपकरणाच्या बाजूच्या भिंतीही भेदून आत येतात, आणि त्यामुळेच हे उपकरण आकाशाच्या कितीतरी मोठ्या भागातले स्फोट नोंदवू शकते. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी एक स्फोट त्याच्या नोंदीत सापडला. या उपकरणाच्या कामकाजाचे केंद्र आपल्याच पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेमध्ये आहे, हेही बातमीत यायला हवे होते.

आयुका विज्ञान दिनी सर्वांसाठी खुली असते. अशाच एका विज्ञान दिनी तिथे एका विद्यार्थिनीने मला लॅपटॉपवर एक स्फोट दाखवला होता. दर सेकंदाला किती किरण आले याची मोजणी दाखवणारी रेघ बराच वेळ किंचित थरथरत आडवी चालली होती. एका जागी ती एकदम सुळक्यासारखी वर गेली, अडखळत खाली आली आणि पुन्हा पूर्वीसारखी थरथरू लागली. हा स्फोट आकाशात नेमका कुठे झाला, असे मी विचारल्यावर ती हसून म्हणाली, “काका, ते एवढ्यावरून नाही सांगता येत.”

जवळजवळ तीस वर्षे सगळ्या जगाची अडचण हीच होती. अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी ‘व्हेला’ उपग्रहांनी १९६७ मध्ये पहिला स्फोट नोंदवला. पुढे हजारो स्फोट सापडले, तरी ते आपल्या आकाशगंगेतले की तिच्या पार पलीकडचे, हा वाद मिटत नव्हता. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी, म्हणजे योगायोगाने आपल्या विज्ञान दिनीच, ‘बेपोसॅक्स’ या उपग्रहाने एका स्फोटाची जागा बऱ्यापैकी नेमकी कळवली. सुमारे २१ तासांनी ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीने तिथे प्रकाशाचा एक ठिपका टिपला, आणि आठवडाभराने पाहिले तर तो जवळपास नाहीसा झाला होता. स्फोटामागे रेंगाळणारी ही दृश्य प्रकाशातली झळाळी म्हणजेच ‘आफ्टरग्लो’. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील दुसऱ्या एका स्फोटाच्या झळाळीचा वर्णपट (प्रकाशाचे रंगांनुसार केलेले पृथक्करण) घेतल्यावर तो स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे दिसले आणि वाद संपला. गॅमा किरणांचा आलेख स्फोट झाल्याचे सांगतो. त्याचे अंतर समजते ते या झळाळीमुळे.

अडचण अशी की ही झळाळी फार वेगाने मंदावते. स्फोटानंतरचा काळ दहापट झाला की तिचे तेज साधारण दहाव्या हिश्शावर येते. म्हणूनच २००४ मध्ये सोडलेला ‘स्विफ्ट’ उपग्रह जमिनीवरून आज्ञा येण्याची वाट न पाहता एक-दोन मिनिटांत स्वतःच स्फोटाच्या दिशेने वळतो आणि आपल्या अवघ्या ३० सेंटीमीटरच्या दुर्बिणीने अवकाशातूनच ती झळाळी पाहू लागतो. १९ मार्च २००८ चा स्फोट साडेसात अब्ज प्रकाशवर्षांवरचा असूनही सुमारे अर्धा मिनिट नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका तेजस्वी झाला होता. पुण्यात तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजत आले होते, तेव्हा आपल्याला ते बघायला मिळणे शक्यच नव्हते! ‘ॲस्ट्रोसॅट’ मात्र स्फोट होताच आपणहून वळत नाही; त्याची माहिती खाली उतरल्यावर तिच्यात स्फोट शोधावे लागतात. हे सांगण्याने त्याच्या कामगिरीला मुळीच उणेपणा येत नाही.

माझी विनंती एवढीच, की यापुढे अशा बातमीसोबत रंगवलेल्या चित्राऐवजी गॅमा किरणांच्या मोजणीचा तो आलेख छापावा आणि झळाळी सापडली की नाही, सापडली असल्यास स्फोटानंतर किती वेळाने व कोणत्या दुर्बिणीला, एवढी एक ओळ खाली द्यावी. जागा कमी असेल, तर चित्र वगळले तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे