खेळातल्या गावात खाटकाचं दुकानही असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मुलांच्या रोल-प्लेइंग खेळांवर लेख आला होता, त्यात म्हटलं होतं की या खेळांमध्ये तलवारी आणि मारामारी सोडून काहीच नसतं, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी गेली चार वर्षं सोसायटीतल्या पाच मुलांचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवतो. गाव, जंगल, माणसं मी उभी करायची, तिथे काय करायचं ते मुलांनी ठरवायचं आणि फासा पडेल तसं पुढे जायचं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी हा खेळ काढला, म्हणजे आता पन्नास वर्षं उलटून गेली. आणि आमच्या टेबलावर वर्षभर मुलं सगळ्यात जास्त रमलीत ती कुठल्या गुहेत किंवा किल्ल्यात नाही, एका मटणाच्या दुकानात.

कारण सांगतो. माझे वडील खाटीक, आजोबाही खाटीक. शाळेत मला काय काय हाका मारायचे ते इथे लिहीत नाही. कॉलेजात पहिल्यांदा हा खेळ खेळायला बसलो तेव्हा गावात लोहार होता, खानावळ होती, देऊळ होतं, जादूच्या वस्तूंचं दुकान होतं आणि एक खाटीक होता, रक्ताने माखलेला एप्रन, हातात सुरा, आणि शेवटी त्याच्या तळघरात माणसांची हाडं निघाली. बाकीचे चौघे खूष, खुनी सापडला म्हणून, मी गप्प बसलो. घरी आलो तर बाबा दुकान धुऊन आले होते आणि वास जावा म्हणून हाताला लिंबू चोळत बसले होते. ते चित्र डोक्यातून गेलं नाही. नंतर खेळाच्या पुस्तकांतली बरीच तयार गावं पाहिली, खाटीक एकतर नसतोच, आणि असला की असाच.

मग मीच एक दुकान मांडलं. नदीकाठचं गाव, गल्ली इतकी अरुंद की वरचे मजले एकमेकांवर झुकलेत. हे मनाने नाही केलं, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात शॅम्बल्स नावाची एके काळची खाटकांची गल्ली अजून तशीच उभी आहे, वरच्या मजल्यांच्या सावलीमुळे मांसावर ऊन पडायचं नाही आणि मांस टांगायचे आकडे काही दुकानांवर आजही दिसतात. दुकान चालवते एक विधवा बाई, मुलं तिला मावशी म्हणतात. तेही खरं आहे, युरोपातल्या बऱ्याच शहरांत नवरा गेल्यावर बायकोला धंदा चालवता यायचा. दोन मुलगे, एक मुलगी जी हिशोब ठेवते, आणि म्हातारे सासरे, त्यांना आता दिसत नाही नीट पण सुरीला धार तेच लावतात, आवाजावरून.

खेळाच्या २०१४ च्या पुस्तकात भाव दिलेत. बकरी १ सोन्याचं नाणं म्हणजे १० चांदीची, मेंढी २, डुक्कर ३, गाय १० सोन्याची. मांसाचा तुकडा ३ चांदीचा. आणि साध्या मजुराची दिवसाची मजुरी २ चांदीची! म्हणजे एका तुकड्याला दीड दिवस राबायचं. हे आमच्यातल्या तेरा वर्षांच्या मुलीने आपणहून काढलं आणि म्हणाली मग हे लोक मटण फक्त सणालाच खात असणार. बाबांना भाव दाखवले तर ते लगेच म्हणाले, बकरी स्वस्त आणि मटण महाग, मधले पैसे कोण खातंय? मग आम्ही दोघांनी रात्री बसून ते लिहिलं, मीठ, जळण, गिल्डची म्हणजे धंदेवाल्यांच्या संघाची वर्गणी, पोरांची मजुरी, बुडालेली उधारी. आणि दुसऱ्या बाजूला नुसतं मटण नाही, कातडं चांभाराला, चरबी मेणबत्तीवाल्याला, शिंगं कंगवेवाल्याला, मेंढीची आतडी वाद्यांच्या तारा करणाऱ्याला. आमच्यात जो गाणारा बार्ड खेळतो त्याला तोपर्यंत माहीतच नव्हतं की त्याच्या ल्यूटच्या, म्हणजे त्याच्या तंतुवाद्याच्या तारा या दुकानातून निघतात, त्या दिवसापासून तो मावशीकडे आला की आधी एक गाणं म्हणतो.

आता मारामारीचं. एकदा मुलांनी आउलबेअर मारला, म्हणजे अर्धं घुबड अर्धं अस्वल, मोठी लढाई झाली, आणि दोन दिवस उन्हातून ओढत मावशीच्या दारात आणला, आता श्रीमंत होणार म्हणून. मावशीने विचारलं, कधी मारलात? रक्त काढलंत का? आतडी कधी काढली? सावलीत टांगला होता का? कुणालाच उत्तर देता येईना. एकाने तिला पटवायला फासा टाकला, वीसपैकी १९ पडला, तरी मी नाही म्हटलं कारण खराब झालेलं मांस गोड बोलून चांगलं होत नाही. मावशी म्हणाली, "मारलंत रे, पण राखलं नाहीत." हे वाक्य माझ्या बाबांचं आहे, शिकारीचं मांस घेऊन आलेल्या एका माणसाला ते बोलले होते. त्यानंतर लढाईच्या आधी ती मजुरीचा हिशोब काढणारी तेरा वर्षांची मुलगी पहिला प्रश्न विचारते, हे उचलून नेणार कोण, आणि तीन वेळा तर मुलं जनावराला वळसा घालून पुढे गेलीत.

दुकान म्हटलं की राजकारणही आलंच. पॅरिसमध्ये शातले किल्ल्याजवळ ग्रांद बुशरी नावाचा मोठा मांसबाजार होता, तिथली दुकानं मोजक्या घराण्यांकडे, बापाकडून मुलाकडे जायची. १४१३ मध्ये तिथल्या खाटकांनी कातडी सोलणाऱ्या सिमों काबोश याच्याबरोबर उठाव करून शहर हादरवलं आणि विरोधी गटाने १४१६ मध्ये तो बाजारच पाडून टाकला. मी हे आमच्या गावात आणलं, सरदाराला मावशीची गल्ली पाडायचीय, आणि पाच मुलं सध्या गिल्डच्या बैठकांमध्ये भांडतायत, तलवार न काढता.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा भाग मात्र उपासाचा. तिकडे ईस्टरआधी चाळीस दिवस मांस बंद, लेंट म्हणतात, म्हणजे आपला श्रावणच, आणि त्याच्या आधी आपल्या गटारीसारखा कार्निव्हल. श्रावणात बाबा दुकानाच्या भिंतींना चुन्याची सफेदी करायचे, सुऱ्यांना नव्या मुठी बसवायचे, आई उधारीची वही घेऊन बसायची, आणि घरात आवाज कमी असायचा. मावशीच्या घरात मी तेच घातलं. मुलांनी त्या चाळीस दिवसांत आपल्या सोन्यातून तिच्याकडची चरबीची मेणबत्ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त विकत घेतली, मी सांगितलं नव्हतं.

माझी विनंती दोन जणांना आहे. तुम्हाला, की या खेळांवर लिहिताना एकदा टेबलावर बसून बघा. आणि आपल्याकडे जी पोरं आता असे खेळ आणि त्यातली गावं स्वतः लिहायला लागलीत त्यांना, की खाटकाला लगेच खुनी करू नका, त्याला घर द्या, पहाटे उठणारं, रविवारी गर्दीत जीव जाणारं.

बाबांचं दुकान आता बंद झालंय, गुडघे साथ देत नाहीत. मुलांनी हट्ट धरलाय की मावशीच्या सासऱ्यांचं कॅरेक्टर बाबांनीच बोलावं, आणि येत्या रविवारी ते येणार आहेत, वीस बाजूंचा फासा कसा वाचायचा ते त्यांनी कालच माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं. लेख लिहिणाऱ्या ताईंनीही यावं, साडेचारला सुरू करतो.

आपला,
एक वाचक, सातारा