ताण तोडायच्या दिवसांत मोटर वेळेवर देता आली, काकाजी

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडं लिहितो आहे. तुम्ही आमच्या मोटर वायंडिंगच्या (जळालेल्या मोटरीत नवी तार भरायच्या) दुकानात जे घडवलंत ते आपल्या भागातल्या ट्रॅक्टर मेकॅनिकला, वेल्डिंगवाल्याला, शिलाईवाल्या ताईलाही कामी येईल. नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या आंबिया बहाराचं गणित साऱ्यांना ठाऊक आहे. डिसेंबरात पाणी बंद करून बाग ताणावर सोडायची, जानेवारीत पाणी देऊन ताण तोडायचा. बागेवरच्या बंद मोटरी तेव्हा एकदमच सुरू होतात. लाइन रात्रीची, व्होल्टेज कमी, मधूनच एक फेज गेलेला. मग बोअरमधल्या जळालेल्या सबमर्सिबल मोटरी घेऊन लोक आमच्या दारात. त्या दिवसांत पाणी चुकलं की फूल एकसारखं निघत नाही. "केव्हा भेटते भाऊ?" हा प्रश्न विचारताना शेतकऱ्याचं तोंड बघवत नाही.

तुम्हीही स्वतःची मोटर घेऊनच आला होतात. पण तुम्ही तो प्रश्न विचारला नाही. खिशातून खडू काढलात आणि दुसऱ्याच एका मोटरच्या बॉडीवर वेळ लिहायला लागलात. टेम्पोतून उतरली सोमवारी सकाळी. खोलली मंगळवारी दुपारी. जळकी तार निघाली संध्याकाळी. मग बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) अमरावतीहून यायचे म्हणून थांबली, टेस्टिंगच्या टेबलावर जागा नव्हती म्हणून पुन्हा थांबली. मोटर दुरुस्त होऊन गेली त्या दिवशी तुम्ही बेरीज करून दाखवलीत: हाताचं काम जेमतेम एका दिवसाचं, मुक्काम आठवड्याचा. "कारागिराला घाई करू नका, मोटरचं थांबणं कमी करा," एवढंच म्हणालात.

पुण्याकडच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस मोठमोठे शब्द वापरेल असं वाटलं होतं. तुम्ही टोयोटाची कामाची पद्धत घडवणाऱ्या तायची ओनोंची गोष्ट सांगितलीत. टोयोटात ते जमिनीवर खडूने गोल काढून माणसाला त्यात उभं करायचे आणि नुसतं बघायला लावायचे. आमच्या हेल्पर पोराला तुम्ही तसंच दारात उभं केलंत. संध्याकाळी तोच म्हणाला, "दादा, सगळे जण मेगर न् पाने शोधतच फिरतात." (मेगर म्हणजे वायंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर.) आता भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे. जागा रिकामी दिसली की पाना कुठे आहे ते लगेच विचारलं जातं.

सगळ्यात अवघड गेलं ते आल्या-आल्या मोटर न खोलणं. आमच्या धंद्यात मोटर खोलून ठेवली की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही, अशी जुनी रीत. त्यामुळे दहा मोटरी उघड्या पडलेल्या, बोल्ट एकमेकांत मिसळलेले. एक पुरी करा मगच दुसरी खोला, हे तुमचं म्हणणं कारागिरांनी आधी मानलं नाही. तुम्ही रागावला नाहीत, त्यांच्यासोबत बसून केलंत. बुशचे दोन डबे ठेवलेत: पहिला रिकामा झाला की त्याची चिठ्ठी त्याच दिवशी ऑर्डरला जाते, तोवर दुसऱ्यावर भागतं.

आणि तुमचं ते "काहून?" एकच मोटर पुन्हा जळून आली होती. काहून जळाली? एक फेज गेला. मग स्टार्टर काहून नाही पडला? ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) बायपास केलेला. काहून केला? सारखा ट्रिप व्हायचा. ट्रिप काहून व्हायचा? मोटर जास्त करंट ओढत होती. ते काहून? बोअरमधल्या रेतीने बुश आणि इम्पेलर घासले होते. वायंडिंग कितीही चांगलं केलं असतं तरी ती मोटर परत आलीच असती. आता मोटर घेतानाच आम्ही रेतीचं आणि स्टार्टरचं विचारतो.

टोयोटाच्या घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोदा यांचा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कापूस पिकवणाऱ्या आमच्या लोकांना समजवावं लागलं नाही. वायंडिंगनंतर मेगरचं रीडिंग कमी आलं तर मोटर फिटिंगला जात नाही. थांबवायचा अधिकार सगळ्यात लहान पोरालाही आहे.

टोयोटातून आलेल्या या पद्धतीला लीन म्हणतात, आणि लीन म्हटलं की माणसं कमी करणार, अशी भीती आमच्याकडेही होती. कोणाचंही काम जाणार नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्याकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलंत. माझ्या मते बाकी सगळं त्यामुळेच जमलं. गाड्यांच्या कारखान्यातलं जसंच्या तसं इथे चालत नाही, हेही तुम्हीच बजावलंत. इथे प्रत्येक मोटर वेगळी, आणि काम येतं ते पुरासारखं. त्यावर तुम्ही सुचवलेला उपाय मला सगळ्यात मोलाचा वाटतो: बाग ताणावर असताना, डिसेंबरातच, पोराला मेगर देऊन शेतात पाठवायचं. मोटर बोअरमध्येच ठेवून वर केबलला रीडिंग घेता येतं. कमजोर दिसली तर तेव्हाच बाहेर काढायची. या जानेवारीत दारात गर्दी कमी होती, आणि आलेल्यांना दिलेल्या तारखेला मोटर देता आली.

मोर्शीकडचे दोन वायंडिंगवाले भिंतीवरच्या आकृत्या आणि डबे बघून गेले. त्यांना तुमच्याकडून ऐकायचं आहे. मृग बहाराच्या आधी एखादा दिवस काढाल का? टेम्पो पाठवतो. काकूंनाही घेऊन या.

तुमचा,
वायंडिंगवाला आणि दुकानातले सगळे