कमरेचं घंगाळ

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला लागले की बाबा "बरं बरं, घे, आईशी बोल" म्हणतात, आणि आई त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजत असते. म्हणून सरळ पत्र लिहितेय. बाबांनी चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवावं. मधली पानं गाळू नयेत.

माझी कंबर संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहिलं की भरून यायची, हे आईला माहीत आहे. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी पाच मिनिटं मला हातही लावला नाही, नुसतं बाजूनं उभं करून बघितलं. मग विचारलं, "ताठ उभं राहायला कुणी शिकवलं?" म्हटलं, बाबांनी. रोज सकाळी अंगणात, छाती पुढे, पोट आत. बाई हसल्या. बाबा, रागावू नका, पण छाती पुढे काढायच्या नादात मी पंचवीस वर्षं कंबर मागून वाकवून उभी राहतेय. बाहेरून दिसतं ताठ, पण पाठीत खड्डा, पोट पुढे आणि बसायचा भाग मागे. मला वाटायचं पोट सुटलंय. निम्मं पोट सुटलेलं नव्हतंच, ते पुढे ओतलं जात होतं.

ओतलं जाणं हाच बाईंचा शब्द. ओटीपोटाभोवतीच्या हाडांना पेल्विस म्हणतात, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ पसरट भांडं. आपल्याकडचं घंगाळच म्हणा ना. ते काठोकाठ भरलंय असं समजायचं. पुढची कड खाली गेली की पाणी पायावर सांडणार, आणि वर बसलेल्या मणक्यांना तोल सांभाळायला मागे वाकावं लागणार. आई, परकराची नाडी जिथे टेकते तिथे समोर हाडांची दोन टोकं हाताला लागतात आणि मागे कमरेच्या खाली दोन खळ्या असतात. समोरची टोकं मागच्या खळ्यांपेक्षा बरीच खाली असली तर घंगाळ पुढे कललंय. दुसरी सोपी परीक्षा भिंतीची. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, पाठ आणि बसायचा भाग भिंतीला. कमरेमागच्या फटीत तळहात जाणं ठीक. आख्खी मूठ आरपार गेली तर बाक जास्त आहे.

पण लगेच एकमेकांना भिंतीशी उभं करून घाबरू नका. थोडं पुढे कललेलं असणं हीच बहुतेकांची रीत. 2011 साली ब्रिटनमध्ये काहीही दुखत नसलेल्या 120 माणसांची मोजणी छापून आली. त्यातल्या 85 टक्के पुरुषांचं आणि 75 टक्के बायकांचं पेल्विस पुढेच कललेलं निघालं. म्हणजे कल हा आजार नव्हे. दुखत असेल, पाय मागे जात नसेल, तर त्याकडे बघायचं. मी तर पहिल्या आठवड्यात आरशासमोर उभी राहून इतकी सरळ व्हायला बघत होते की मानही धरली.

कारण अर्थातच खुर्ची. एकटी तीच नाही, पण तिचा वाटा मोठा. कमरेच्या मणक्यांपासून निघून पोटाच्या आतून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोअस नावाचा एक स्नायू आहे. बसलेलं असताना तो आखडलेला असतो. नऊ तास तसंच बसून उठलं की तो मणक्यांना पुढे ओढतो. कुल्ल्यांनी आणि पोटानं त्याला उलटं खेचायचं, तर ते दिवसभर सुस्त पडलेले.

व्यायाम तीनच दिलेत. उताणं झोपून गुडघे वर, आणि कंबर हळूच जमिनीला टेकवायची, श्वास सोडत. मग बाबांच्या ओळखीचं सेतुबंधासन, फक्त कमरेच्या जोरावर नाही, कुल्ले आवळून. तिसरा, कॅलेंडरवरच्या मारुतीसारखं एक गुडघा टेकून बसायचं आणि टेकलेल्या पायाची जांघ ताणायची. इथे मी दोन आठवडे फसले. पुढे झुकून झुकून कंबरच वाकवत होते आणि वाटत होतं, काय छान ताण बसतोय! आधी कुल्ला आवळायचा, शेपूट असतं तर पायांमध्ये घेतलं असतं तसं, आणि मग जेमतेम दोन बोटं पुढे. ताण जांघेत आला पाहिजे, पाठीत नाही. दोन महिन्यांत ओट्यापाशी पोळ्या होईपर्यंत उभी राहू शकते. कमरेतला बाक आरशात जवळजवळ तेवढाच दिसतो, दुखणं मात्र गेलंय.

आई, तुझ्या गुडघ्यांना हा मारुती झेपणार नाही, करू नकोस. पहिला व्यायाम पलंगावर कर, पुरे. आणि कधी पायाला बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटल्यासारखा वाटला, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर.

आता बाबा. खरं म्हणजे पत्र याचसाठी.

दिवाळीत तुम्ही दुपारी आडवे झालात की उजव्या गुडघ्याखाली उशी घ्यायचात. मी ती गमतीनं काढली तेव्हा तुमची कंबर गादीवरून उचलली गेली. हात घातला, आरपार गेला. तेव्हा काही कळलं नाही. परवा बाईंनी मला पलंगाच्या कडेला उताणं झोपवून एक गुडघा छातीशी धरायला लावला, दुसरा पाय मोकळा सोडला. तो गादीला टेकला नाही, वरच राहिला तर समजायचं की खुबा पुढच्या बाजूनं आखडलाय. याला थॉमस टेस्ट म्हणतात. हा ह्यू ओवेन थॉमस (1834–1891) लिव्हरपूलचा, हाडवैद्यांच्या घराण्यातला. बापाकडे पदवी नव्हती, म्हणून त्यानं मुलांना डॉक्टर केलं. हा रविवारी गरिबांना फुकट तपासायचा. तुम्हाला आवडला असता.

तर तुमचा कल माझ्यासारखा खुर्चीचा असेलच असं नाही. या वयात खुब्याचा सांधा झिजला तरी पाय सरळ होत नाही, आणि मग कंबर त्याची भरपाई करते. मोजे घालायला तुम्ही हल्ली आईला हाक मारता. जांघेत दुखतं त्याला "गॅस" म्हणता. स्कूटरवर मागून टांग टाकायचं सोडून पाय पुढूनच आत घालता. हे सगळं मी बघितलंय, बोलले नाही एवढंच. ताणाताणीचे व्यायाम आत्ता अजिबात सुरू करू नका. आधी खुब्याचा एक्स-रे.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. अकराची वेळ घेतलीय, फोन करून ती रद्द करू नका. आई, त्यांच्या खिशातली डॉक्टरांच्या नंबरची चिठ्ठी तुझ्या डब्यात ठेव.

तुमची,
धाकटी